नांदूर मधमेश्वरला पक्षी दिसत नाहीत? या चुका टाळा

‘एवढं नाव ऐकून गेलो, पण लांबवरचे काळे ठिपके सोडून काही दिसलं नाही.’ निफाड तालुक्यातल्या या अभयारण्याबद्दल ही तक्रार नेहमी कानावर येते. पक्षी असतात हो! २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून याचंच नाव जाहीर झालं, ते उगाच नाही.

नाशिकहून मिसळ वगैरे चापून निघालं की पोहोचेपर्यंत अकरा वाजतात. ऊन चढलेलं, पाण्याची चकाकी थेट डोळ्यांत आणि बदकं मधोमध डुलक्या घेत असलेली. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा आणि उजाडताना अभयारण्यालगतच्या चापडगावला असा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मागच्या खेपेची जागा धरून बसणं. हे मुळात निसर्गाने घडवलेलं तळं नाही. गोदावरी-कादवा संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, त्यात गाळ साचत गेला आणि ही उथळ पाणथळ तयार झाली. वरच्या धरणांतून पाणी आलं, कालव्यांना आवर्तन सुटलं, की पातळी वरखाली होते आणि पक्षीही सरकतात. चमचा पक्षी चोच किंचित उघडी ठेवून ती पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो. पाणी त्याच्या पायांहून खोल झालं की तो दुसरीकडे जाणारच. तुतवारांना तर ओला चिखलच हवा. पट्टकादंब पाण्यात दिसले नाहीत तर आजूबाजूच्या शेतांवर नजर टाका, ते तिथे चरत असतात. म्हणून आधी ‘पाणी किती आहे?’ हे स्थानिक गाइडला विचारा, पक्ष्यांचं नंतर.

मग जवळ जाण्याचा मोह. वारकरी (कूट) पक्ष्यांचा थवा पाठ फिरवून दूर पोहू लागला की जागीच थांबा. आणखी चार पावलं टाकलीत तर ते पाण्यावर फटफट धावत सुटतात, त्यांच्यामागे तलवार बदकं आणि थापट्येही उठतात, आणि तुमच्यासमोर नुसतं पाणी उरतं. दलदल ससाणा वरून गेला तरी थवा उठतो, पण तो गेल्यावर पुन्हा बसतो. उडतानाचा फोटो मिळावा म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांना मात्र काय म्हणावं!

मोबाइलच्या झूमवर विसंबू नका. दुर्बीण न्या, किंवा टेलिस्कोप असलेला गाइड घ्या.

आणि फक्त रोहित पक्ष्यांसाठी (फ्लेमिंगो) जाणार असाल, तर ते आलेत का हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. त्यांचा मुक्काम कधी आणि किती, याचा नेम नसतो.