ट्रॅक्टरवरचं साल सोलणी यंत्र घेताय? माझ्या हातून झालेल्या या चुका टाळा

चंद्रपूर जिल्ह्यात आमच्याकडे धान आणि कापसाच्या जोडीला बांधावर आणि पडीक तुकड्यावर निलगिरी, सुबाभूळ असतेच. बल्लारपूरचा कागद कारखाना जवळ, त्यामुळे हे लाकूड आमच्या भागाला नवं नाही. नवी अडचण आहे ती साल सोलणाऱ्या हातांची. कोयता घेऊन दिवसभर ओंडके सोलणारी माणसं आता मिळत नाहीत, आणि मिळालीच तर नेमकी कापूस वेचणी सुरू असते. म्हणून मी ट्रॅक्टरच्या पीटीओवर (अवजाराला ताकद देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारं साल सोलणी यंत्र घेतलं. परराज्यातल्या एका कारागिराकडून, मोबाईलवर व्हिडिओ पाहून, निम्मे पैसे आधी भरून.

व्हिडिओत ओंडका एका बाजूनं सालीसकट शिरत होता आणि दुसऱ्या बाजूनं पांढराशुभ्र बाहेर पडत होता. आमच्या शेतात पहिल्या दिवशी निम्मे ओंडके पट्ट्यापट्ट्यांनी साल तशीच ठेवून बाहेर आले, सालपटं रोलरला गुंडाळून बसली आणि संध्याकाळी गिअर बॉक्समधून तेल गळायला लागलं. फोन केला तर उत्तर आलं, "भाऊ, मशीन बरोबर आहे, तुमचं लाकूड बरोबर नाही." फार राग आला त्या वाक्याचा. पुढे कळलं की माझ्या लाकडासाठी ते यंत्र बनलेलंच नव्हतं. त्यानं ते सांगितलं नाही आणि काय विचारायचं हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला ते माहीत असावं म्हणून हे लिहितोय.

आपलं लाकूड न नेता डेमो पाहिला

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या तिच्या पोटातल्या.

साल आणि लाकूड यांच्या मध्ये एक ओला, जिवंत पापुद्रा असतो. झाड वाढतं ते त्याच पापुद्र्यातून. साल सोलणं म्हणजे हा पापुद्रा फाडणं. झाड आज पाडलं असेल तर तो बुळबुळीत असतो, साल हातानंही लांबच लांब निघते. दोन-तीन दिवस ऊन लागलं की तोच पापुद्रा सरस लावल्यासारखा घट्ट होतो. माझे ओंडके तोडून सहा दिवस झाले होते, कारण यंत्र यायला उशीर झाला. व्हिडिओतलं लाकूड बहुधा त्याच सकाळचं असावं. पावसाळ्यात आणि पावसाळा सरल्यावर, झाडात रस असतो तेव्हा, साल सहज सुटते. एप्रिल-मे महिन्यात ताजं लाकूडसुद्धा त्रास देतं.

दुसरी गोष्ट खोडाच्या आकाराची. निलगिरी एकदा तोडली की खुंटाला फुटवे येतात आणि दुसरं, तिसरं पीक त्याच खुंटावर घेतात. हे फुटवे बुंध्याशी वाकलेले असतात. दातेरी रोलरच्या यंत्राला सरळ ओंडका लागतो. वाकाच्या आतल्या बाजूला दात टेकत नाहीत, तिथं साल राहते. बाहेरच्या बाजूला तेच दात लाकडात रुततात, चिरफाळ्या निघतात. माझा सगळा माल दुसऱ्या तोडीचा होता.

जाडीचंही तसंच आहे. "2 ते 8 इंच चालतं" असं कोटेशनमध्ये होतं. चालतं म्हणजे आत शिरतं. एकाच दाबावर 2 इंचाची बल्ली मोडते आणि 8 इंचाच्या ओंडक्यावर दात नुसते घासतात. दाब बदलायला स्प्रिंग आहे का, ती पान्यानं दोन मिनिटांत फिरते का, हे समोर करून दाखवायला सांगा. माझ्या यंत्रात दाबाची पट्टी वेल्डिंग करून पक्की केलेली होती. पुढे गावातल्या वेल्डरकडून कापून तिथं आटे असलेला बोल्ट बसवला, तेव्हा कुठं निम्मा त्रास गेला.

तेव्हा डेमोला जाताना आपल्या शेतातले पंधरा-वीस ओंडके टेम्पोत घाला. चांगले निवडू नका. वाकडे, गाठीचे, बारीक, जाड, आजचे आणि चार दिवसांपूर्वीचे असे सगळे घ्या. विक्रेता नको म्हणाला तर ॲडव्हान्स देऊ नका. सुबाभूळ असेल तर सुबाभूळच न्या, कारण निलगिरीवर छान चाललेलं यंत्र सुबाभळीवर तसंच चालेल याची खात्री नाही. फाटे तोडल्यावर राहिलेल्या खुंट्यांवर ओंडका उडतो. त्या कुऱ्हाडीनं बुडापासून साफ केल्याशिवाय कुठलंच यंत्र नीट सोलत नाही.

ट्रॅक्टर जुळतो का, हे अंदाजानं ठरवलं

"35 एचपीवर चालतं" एवढं ऐकून मी थांबलो. इंजिनाची एचपी आणि पीटीओवर मिळणारी एचपी वेगळी असते. साधारण दहा-पंधरा टक्के मधेच जातात, म्हणजे 35 च्या ट्रॅक्टरला पीटीओवर 30 च्या आसपास. विचारताना पीटीओची एचपी विचारा.

त्याहून मोठा घोळ फेऱ्यांचा. आपल्याकडची बहुतेक अवजारं 540 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 540 फेरे घेणाऱ्या, पीटीओसाठी बनतात. हे 540 फेरे इंजिन एका ठराविक वेगावर असतानाच मिळतात आणि तो वेग मॉडेलनुसार बदलतो. पुष्कळ ट्रॅक्टरच्या डायलवर 540 ची खूण असते. डिझेल वाचवायला आम्ही थ्रॉटल कमी ठेवत होतो. दात आपटून साल काढणाऱ्या रोलरमध्ये वेग पाऊणपट झाला तर फटक्याचा जोर पाऊणपट राहत नाही, निम्म्याच्या जरा वर उरतो. साल अर्धवट राहत होती त्याचं एक कारण हेच. प्रकाश परतवणारी पट्टी चिकटवून फेरे मोजणारा साधा टॅकोमीटर मिळतो, त्यानं मोजल्यावर फरक डोळ्यांना दिसला. मोजताना शाफ्टपासून लांब उभं राहा.

आणि शाफ्ट. यंत्रासोबत आलेला पीटीओ शाफ्ट माझ्या ट्रॅक्टरला लांब होता. लिफ्ट (अवजार उचलणारे ट्रॅक्टरचे मागचे हात) वर-खाली करताना आतला पाईप बाहेरच्या पाईपच्या तळाला भिडायचा आणि सगळा रेटा गिअर बॉक्सच्या बेअरिंगवर यायचा. ऑईल सील त्यामुळेच गेलं. नशीब, ट्रॅक्टरचं पीटीओ बेअरिंग वाचलं. यंत्र जोडल्यावर लिफ्ट सावकाश वरपासून खालपर्यंत न्या. सगळ्यात जवळच्या स्थितीत पाईप तळाला टेकता कामा नये आणि सगळ्यात लांबच्या स्थितीत निदान एक तृतीयांश एकमेकांत राहिला पाहिजे. लांब असेल तर दोन्ही पाईप आणि त्यांचे गार्ड (वरची संरक्षक झाकणं) सारखेच कापायचे. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे जोडाची दुबेळकी तोंडं, एका रेषेत हवेत. एक आडवा आणि एक उभा बसला तर यंत्र थरथरतं आणि जोडातले क्रॉस लवकर जातात. शिअर बोल्ट तुटला म्हणून त्याजागी कडक बोल्ट घालू नका. तो तुटण्यासाठीच आहे, तो नाही तुटला तर गिअर तुटतो.

सालपटं गुंडाळतात तेव्हा

निलगिरीची साल दोरीसारखी निघते आणि फिरणाऱ्या शाफ्टभोवती आवळून बसते. रोलरच्या टोकाला, बेअरिंगच्या तोंडाशी ती गेली की सील कापते आणि ग्रीस बाहेर येतं. यंत्र पाहताना तिथं झाकणाची वाटी आहे का आणि साल खाली पडायला मोकळी जागा आहे का, हे वाकून पाहा. माझ्या यंत्राखाली वीतभरच जागा होती, तासाभरात ढीग रोलरला टेकायचा. आता चाकांखाली फळ्या टाकून ते उंच करतो.

आणि हे कळकळीनं सांगतो. 540 आरपीएम म्हणजे सेकंदाला 9 फेरे. दुपट्टा, पदर, शर्टाची बाही अडकली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. माझ्या शाफ्टवर गार्डच नव्हता आणि मी पहिले दोन आठवडे तसंच काम केलं, शेजारी बायामाणसं ओंडके देत असताना. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो. गार्ड नसलेलं यंत्र ताब्यात घेऊ नका. सालपट काढायचं तर नुसता पीटीओ सोडून चालत नाही, ट्रॅक्टर बंद करून चावी खिशात घाला.

हिशेब उलटा मांडला

सोललेल्या लाकडाला दर जास्त म्हणून मी खूश होतो. पण लाकूड वजनावर जातं आणि साल गेली की वजनही जातं. उदाहरण घ्या. सालीसकट 10 टन माल, साल 12 टक्के, तर हाती 8.8 टन. सालीसकटचा दर टनाला 4,000 धरला तर 40,000 रुपये. सोलून तेवढेच मिळायला दर 4,545 हवा, आणि त्यात डिझेल, माणसं, यंत्राची झीज अजून धरलेलीच नाही. शिवाय सोललेलं लाकूड लवकर वाळतं, त्यामुळे गाडी अडकली की वजन आणखी घटतं. खरेदीदाराकडून दोन्ही दर घेतल्याशिवाय यंत्राकडे वळू नका. साल शेतात राहते तो फायदा मात्र खरा आहे. निलगिरीच्या सालीत कॅल्शियम भरपूर असतं, ती जाळण्यापेक्षा जमिनीत जाऊ द्या.

कागद नीट घेतले नाहीत

माझ्याकडे बिल होतं, पण त्यावर फक्त "मशीन 1 नग". कोटेशनवर लाकडाचा प्रकार, जाडी, तासाला किती माल, लागणारी पीटीओ एचपी, सुटे भाग कुठं मिळतील आणि दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येईल हे लिहून घ्या. व्हिडिओ आणि बोलणं मोबाईलमधून पुसू नका. अनुदानाच्या आशेवर असाल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अशा यंत्राला अनुदान आहे का ते आधी पाहा. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केलेल्या अवजाराला पैसे मिळत नाहीत.

विक्रेता दाद देत नसेल तर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा कामाला येतो. विक्रेता परराज्यातला असला तरी तक्रार आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुदत 2 वर्षांची आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाईनवर बोलता येतं. व्यापारी कारणासाठीची खरेदी या कायद्यात बसत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेलं यंत्र बसतं. म्हणून ते आपण स्वतः चालवतो, आपल्या उपजीविकेसाठी घेतलं आहे, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. मी लेखी नोटीस पाठवल्यावर नवा गिअर बॉक्स आला, पैसे परत मिळाले नाहीत.

यंत्र अजून आहे. आता आम्ही सकाळी पाडतो आणि दुपारी सोलतो. वाकडा बुंधा कापून जळणाला बाजूला काढतो, जाड आणि बारीक ओंडके वेगळे लावून मध्ये एकदाच दाबाचा बोल्ट फिरवतो. गार्ड लावल्याशिवाय चावी कुणाच्या हातात देत नाही. आठवडाभर जुना माल असेल तर यंत्र बाहेर काढतच नाही, तो सालीसकटच गाडीत भरतो.