आजोबांचं रिव्हॉल्व्हर सापडलं? या चुका टाळा

फोनवरचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा तेच असतं. "आजोबांचं रिव्हॉल्व्हर सापडलंय, किती येतील?" परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या पेढीवर माझी तीस वर्षं गेली. एवढ्या काळात "त्यावर काय काय कोरलंय ते वाचून दाखवाल का?" असं विचारणारा क्वचितच भेटला. जुन्या हत्याराची ओळख त्यावरच्या शिक्क्यांत आणि घरातल्या कागदांत असते, आणि लोक नेमके शिक्के घासतात नि कागद रद्दीत घालतात.

सगळ्यांत आधी, ते भरलेलं आहे असंच धरून चाला. "चालतंय का बघू" म्हणून चाप ओढू नका, घोडा मागे खेचू नका. पन्नास वर्षं पडून राहिलेलं काडतूसही उडू शकतं. नळी कुणाकडेही न रोखता खाली ठेवा आणि उघडायचं काम जाणकाराला करू द्या. याबाबतीत मी कुणाची सबब ऐकून घेत नाही.

घासून चकचकीत करणं

ही चूक पाहिली की माझा जीव तुटतो. सांगलीकडचे एक गृहस्थ वडिलांच्या पश्चात त्यांचं वेब्ली, म्हणजे त्या इंग्लिश कंपनीचं रिव्हॉल्व्हर, घेऊन आले. पेढीवर न्यायचं तर नीटनेटकं दिसावं, म्हणून भाच्याने ते आधी चिंच-मीठ लावून घासलं, मग काचकागद फिरवला आणि शेवटी वर्कशॉपमध्ये बफवर धरलं. समोर आलं ते मोटारसायकलच्या सायलेन्सरसारखं चमकत होतं. मूळचा निळसर काळा मुलामा गेलेला, कडा गोल झालेल्या, बर्मिंगहॅमचे प्रूफ शिक्के, म्हणजे हत्यार चाचणीत टिकल्याच्या खुणा, नुसते खळगे होऊन उरलेले. काडतुसं भरायच्या चक्राच्या वरच्या पट्टीवर 'आर्मी अँड' एवढंच वाचता येत होतं.

मला ते अर्धं नाव पाहून फार वाईट वाटलं. आर्मी अँड नेव्ही हे लंडनचं मोठं दुकान. त्याची मुंबईतली शाखा १८९१ मध्ये निघाली आणि काळा घोड्याजवळची तिची इमारत अजून उभी आहे. त्या दुकानाच्या शस्त्रविक्रीच्या जुन्या वह्या ग्लासगो विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. नंबर जुळला तर पहिल्या खरेदीदाराचं नावसुद्धा हाती लागू शकतं. इथे नंबराचे पहिले दोन आकडेही बफने खाल्ले होते. शस्त्रावरचा नंबर किंवा ओळखीची खूण पुसणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, हे त्या भाच्याच्या गावीही नव्हतं. वडिलांच्या परवान्यात पूर्ण नंबर लिहिलेला होता म्हणून निभावलं. मुलामा, शिक्के आणि दुकानाचं नाव मात्र कायमचं गेलं. नवा मुलामा चढवता येतो, पण संग्राहक त्याला हात लावत नाही.

माझी पद्धत साधी आहे. जुन्या मऊ धोतराचा तुकडा, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, आणि हात थांबवायचा. तांबेरा असेल तर तेल लावून आठवडाभर ठेवून द्यायचं. अक्षरं वाचायची असतील तर चिमूटभर टाल्कम पावडर बोटाने फिरवायची आणि सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढायचा. घाई झालेल्यांना हा आठवडा फार मोठा वाटतो. माझ्या मते ज्याला आठवडा थांबता येत नाही त्याने जुन्या वस्तूला हातच लावू नये.

कोरलेलं अर्धंच वाचणं

'स्मिथ अँड वेसन काडतुसं वापरा' असं इंग्रजीत लिहिलेलं दिसलं की लोक ते स्मिथ अँड वेसन समजतात. तसा मजकूर स्पेनच्या आयबारमधल्या नकलांवर सर्रास सापडतो. लंबगोलात 'ईएलजी' अक्षरं असतील तर तो बेल्जियमच्या लिएज शहराचा प्रूफ शिक्का आहे, मग घाट वेब्ली बुलडॉगचा असला तरी. 'एन' उलटा किंवा स्पेलिंग चुकलेलं असेल तर माल बहुधा सरहद्द प्रांतातल्या दर्रा आदमखेल या नकली हत्यारं बनवणाऱ्या गावचा. आणि पेटंटची तारीख म्हणजे बनावटीचं वर्ष नव्हे. कोल्टच्या १८७३ च्या मॉडेलवर १८७१ आणि १८७२ च्या तारखा असतात, आणि तेच पिस्तूल विसाव्या शतकातही बनत होतं. मुकुटाखाली 'एनपी' असेल तर शिक्का १९०४ नंतरचा.

परदेशी लिलावाचा भाव धरून बसणं

अमेरिकेतल्या लिलावाचा आकडा रुपयांत करून लोक स्वप्नं बघतात. आपल्याकडे हिशेब जवळजवळ उलटा आहे. १९८० च्या दशकात आयात बंद झाल्यापासून चालू स्थितीतलं विलायती .३२ बोअरचं (नळीच्या आतल्या व्यासाचं) वेब्ली काही लाखांना जातं, कारण ते परवान्यावर वापरता येतं. संग्राहकाच्या दृष्टीने कितीतरी महत्त्वाचं .४५५ चं वेब्ली मात्र प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. त्याचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाकडून लागतो, त्यामुळे गिऱ्हाईकच नसतं. शंभर वर्षांवरची वस्तू बाहेर पाठवावी म्हटलं तर १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येतो. म्हणून आधी बोअर कोणता ते नक्की करा, भावाचं नंतर.

"अँटिक आहे, परवाना कशाला?"

हे वाक्य मी शिकल्यासवरल्या माणसांकडून सर्वांत जास्त ऐकलंय. कायद्यातली सूट आहे ती जुनाट किंवा पुरातन मोल असलेल्या, आणि दुरुस्त करूनही गोळी झाडू न शकणाऱ्या हत्याराला. वेब्लीचं पोलाद चिवट असतं, शंभर वर्षांनीही ते बहुधा चालतं, म्हणजे परवाना हवाच. आपल्या मनाने नळीत शिसं ओतून सूट मिळवायचा उद्योग करू नका.

एका घरात आजोबा गेल्यावर त्यांचं रिव्हॉल्व्हर अकरा वर्षं माळ्यावर होतं. वाटणीच्या भांडणात एका भावाने तक्रार केली आणि साठीतल्या थोरल्या भावाला पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या खेपा पडल्या. परवानाधारक गेला की विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, पावती घ्यायची आणि वारस म्हणून अर्ज करायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि वारसाने आलेलं त्यातच धरलं जातं.

चामड्याच्या म्यानात ठेवू नका, पावसाळ्यात चामडं ओल धरतं. तडा गेलेली मूठ बदलू नका. चक्रावरचा, नळीवरचा आणि सांगाड्यावरचा नंबर वेगवेगळा लिहून ठेवा.

ट्रंकेत १८७८ च्या कायद्याखालचा परवाना, खरेदीची पावती, गणवेशातला फोटो असं काही असेल तर ते रिव्हॉल्व्हरइतकंच जपा. मागच्या वर्षी एक बाई रिकामी ट्रंक घेऊन आल्या होत्या. कागद रद्दीवाल्याने नेले होते, आणि त्यांना आठवत होतं ते एवढंच, की वरच्या कागदावर संस्थानचा शिक्का होता.