हिरडीच्या ऑपरेशननंतर पोटभर जेवायचं कसं

‘आठ दिवस दूध प्या आणि आइस्क्रीम खा’ असं सांगणाऱ्यानं स्वतः कधी आठ दिवस दुधावर काढलेले नसतात. हिरडीची फ्लॅप सर्जरी, म्हणजे हिरडी उचलून आतून साफ करून पुन्हा टाके घालणं, बहुतेकदा तोंडाचा एकेक भाग घेऊन करतात, त्यामुळे माझ्यावर ही पाळी फिरून फिरून आली. पुढं सासूबाईंचं आणि शेजारच्या काकांचं पथ्यही माझ्याच ओट्यावर शिजलं. त्यातून झालेलं मत असं, की आपण कोल्हापूरकर तिखटाचीच धास्ती घेऊन बसतो, पण खरा छळ करतो तो कण. टाक्यात अडकलेला मोहरीचा दाणा जिभेनं निघत नाही आणि बोटानं काढायला जावं तर टाका हलतो. जेवण मिळमिळीत असायची काही गरज नाही, ते गुळगुळीत मात्र हवं.

मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. इन्सुलिन घेऊन उपाशी राहणं हे हिरडीपेक्षा मोठं दुखणं होईल.

आदल्या दिवशी

पुरणयंत्र, बारीक जाळीची गाळणी आणि मलमलचा एक स्वच्छ फडका वर काढून ठेवा. बाकी सगळं घरात असतंच.

पहिला दिवस

भूल उतरायला दोन-चार तास लागतात. तोवर काही चावू नका, बधिर गालच दाताखाली येतो. नंतर गार किंवा साधं, पातळ, चमच्यानं: गोड ताक, गार केलेली पेज, गाळलेलं वरणाचं पाणी. स्ट्रॉ अजिबात नको, ओढण्याच्या जोरानं जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी सुटते. त्याच कारणासाठी खळखळून चूळ भरू नका आणि जोरात थुंकू नका. लाळेत थोडी गुलाबी छटा दिसते, ती चालते; रक्त वाहतच राहिलं तर मात्र डॉक्टरांना फोन करा. वेदनाशामक गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, म्हणून भूक नसली तरी वाटीभर पेज जाऊ द्या.

आइस्क्रीम चालेल, पण सुकामेवा नसलेलं, आणि ते जेवण नव्हे. फालुदा कुणी आणलाच तर घरातल्या पोरांना द्या. त्यातला सब्जा नेमका टाक्यात जाऊन बसतो.

दुधाबद्दल दोन गोष्टी. कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर काढून मिळणारं धारोष्ण दूध एरवी कितीही प्या, जखम ओली असताना दूध उकळूनच घ्या. दुसरं म्हणजे गोळ्यांच्या चिठ्ठीत डॉक्सिसायक्लिन किंवा टेट्रासायक्लिन असेल तर गोळी दुधाबरोबर घेऊ नका. दुधातलं कॅल्शियम त्या औषधाला धरून ठेवतं आणि ते अंगी लागत नाही. मध्ये दोन तास जाऊ द्या. मेट्रोनिडाझोल असेल तर दारू बंद, कोर्स संपल्यावरही तीन दिवस. ‘एकच पेग’ म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिलं.

दुसरा दिवस

कालचंच, थोडं कोमट. सूज आज-उद्या वाढलेली दिसेल, ती तशीच वाढते आणि मग उतरते.

तिसऱ्या दिवसापासून टाके निघेपर्यंत

खरी परीक्षा इथं आहे. टाके साधारण सात ते दहा दिवसांनी काढतात. दुखणं त्याच्या कितीतरी आधी कमी होतं आणि भूक पेटते. घरचे म्हणतात, आता बरं दिसतंय, मऊ भात खा. हा मऊ भातच मला सगळ्यात जड गेला. कुकरचा भात कितीही मऊ केला तरी त्याची शितं सुटीच राहतात, दाताच्या मुळाशी जातात आणि तिथंच आंबतात. त्यावर हिरडीवर गुलाबी लगद्यासारखा पॅक लावलेला असेल तर त्याच्या कडेला शितांची रांगच लागते. मिक्सरमधून काढावा तर भाताची खळ होते, घशाखाली उतरत नाही.

उपाय गुरगुट्या भाताचा, तोही पुरणयंत्रातून काढलेला. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, सात वाट्या पाणी, हळद, मीठ, हिंग. भरपूर शिट्ट्या करा, रवीनं घोटा आणि गरम असतानाच पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून फिरवा. घरात आजऱ्याचा घनसाळ तांदूळ असेल तर तो वापरा, नुसत्या वासानं जेवल्यासारखं वाटतं. फोडणी द्यायचीच असेल तर तुपात जिरं-लसूण तडतडू द्या आणि ते तूप गाळून वरून घाला. स्वाद येतो, दाणा येत नाही. लाल भोपळा, दुधी, बटाटा हे सगळं त्याच जाळीतून जातं. आपल्या भाज्यांत सवयीनं पडणारं शेंगदाण्याचं कूट, खोबरं, कोथिंबीर आणि कांदा-लसूण चटणी या दिवसांत डब्यातच राहू द्या.

जखम भरायला प्रथिनं लागतात आणि नुसत्या खिचडीतून ती पुरेशी जात नाहीत. साठ किलोच्या माणसाला एरवीसुद्धा दिवसाला 50 ग्रॅमच्या आसपास लागतात. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, पाव लिटर दुधात 8. हिशेब करून बघा, दोन कप दुधावर राहणारा माणूस गळून का जातो ते कळेल. उकडलेलं अंडं टाळा, कोरडा बलक तोंडभर पसरतो. त्यापेक्षा फेटलेलं अंडं गरम अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या बिनतिखट पाण्यात, बारीक धारेनं ओता, हलवा आणि कोमट होऊ द्या.

आता अळणीबद्दल, कारण आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस हमखास पांढऱ्या रश्श्याचा डबा आणतो. ‘तिखट नाही हो, पांढराच आहे’ म्हणतो. पांढऱ्यात हिरवी मिरची असते, मिरी असते आणि वाटलेले तीळ-खसखस असतात. खसखशीचा दाणा टाक्यासाठीच जन्माला आल्यासारखा वागतो. डबा प्रेमानं घ्या आणि घरच्यांना वाढा. तुमच्यासाठी आलं-लसूण, हळद, मीठ घालून शिजवलेल्या मटणाची अळणी काढा. ती आधी गाळणीतून आणि मग फडक्यातून गाळा, कारण हाडाची कपची गाळणीलाही फसवते. त्यात फडक्यातून पिळलेलं नारळाचं दूध गॅस बंद केल्यावर घाला. पांढऱ्या रश्श्याची तहान बरीचशी भागते. मटण न खाणाऱ्यांनी हुलग्याचं माडगं करावं. पीठ दोनदा चाळलेलं, थोडा गूळ, गुठळी होऊ न देता. नाचणीची आंबीलही चांगली, फक्त ताक आंबट नको, चरचरतं.

खायची पद्धतही महत्त्वाची. लहान चमचा, घास दुसऱ्या बाजूला, जिभेनं टाळूवर दाबून गिळायचा. तुमच्या टाळूचा तुकडा घेऊन हिरडीवर लावला असेल तर हे टाळूवर दाबणं बंद, कारण तिथंही जखम आहे. मग अन्न आणखी पातळ करा. आणि ओठ ताणून आरशात टाके बघत बसू नका. ही सवय भल्याभल्यांना लागते.

जेवणानंतर कोमट मीठपाणी तोंडात धरा, मान कलती करा आणि आपोआप बाहेर पडू द्या. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिलं असेल तर त्यानंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका, चहा तर मुळीच नको. त्या औषधावर चहा-कॉफीनं दातांवर तपकिरी डाग चढतात. चवही काही दिवस बिघडते. स्वयंपाकात मीठ वाढवण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाला चाखायला सांगा.

टाके निघाल्यावर

चपाती दुधात किंवा वरणात कुस्करून. मग खिमा, मऊ भाज्या, तव्यावरची ताजी भाकरी. तिखट हळूहळू वाढवा, तांबडा रस्सा आधी भातात कालवून. भडंग, चिवडा, फुटाणे, उसाचं कांडं यांना डॉक्टरांनी हिरडी बघून हो म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही. मिसळ त्याच यादीत, फरसाणाची टोकं ओल्या हिरडीत रुततात. पण कट, म्हणजे मिसळीचा नुसता पातळ रस्सा, आणि ब्रेड त्याआधी चालतो. हॉटेलात बसून नुसता कट मागा, ब्रेड त्यात पूर्ण भिजू द्या, वाफ जाऊ द्या आणि न दुखणाऱ्या बाजूनं खा. वाढपी विचित्र बघेल, बघू द्या.