एक पान, दोन तास: बायबलची जुनी हस्तलिखितं वाचायची आणि दाखवायची रीत

सगळं पुस्तक दाखवायला जाऊ नका. एकच पान घ्या.

आठव्या-नवव्या शतकातल्या बायबलच्या हस्तलिखितांवर ठाण्यात किंवा वाशी-नेरुळला कार्यक्रम करायचं ठरलं की पन्नास-साठ स्लाइड जमवल्या जातात. नक्षीदार पानं एकामागून एक सरकतात, लोक "काय कलाकुसर!" म्हणतात आणि उठतात. पण एक अक्षरही कुणी वाचलेलं नसतं. लॅटिन अजिबात न येणारा माणूस दोन तासांत बाराशे वर्षांपूर्वीच्या पाच ओळी स्वतः वाचू शकतो. त्यासाठी पान नीट निवडावं लागतं आणि आधी आपण ते स्वतः वाचलेलं असावं लागतं.

पान कोणतं

पहिल्या वेळी 'बुक ऑफ केल्स'चं, म्हणजे इ.स. ८००च्या सुमारास आयरिश वळणात लिहिलेल्या शुभवर्तमानांच्या प्रसिद्ध प्रतीचं, नक्षीचं पान टाळा. सुरुवात कोडेक्स आमिआतिनुसने करा. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या वेअरमथ-जॅरो या जोडमठात ही प्रत तयार झाली. मठाधिपती चेओलफ्रिथ ती रोमला भेट द्यायला इ.स. ७१६मध्ये निघाले आणि वाटेतच, आजच्या फ्रान्समधल्या लांग्र इथे वारले. प्रत सध्या फ्लोरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. ख्रिस्ती विद्वान जेरोमच्या लॅटिन भाषांतराची, म्हणजे व्हल्गेटची, संपूर्ण बायबल असलेली ही सर्वांत जुनी उपलब्ध प्रत. वजन सुमारे ३४ किलो. घरातला भरलेला गॅस सिलिंडर टाकीसकट साधारण तीस किलोचा असतो, हे सांगितलं की सभागृहातल्या प्रत्येकाला हाताने अंदाज येतो.

ही प्रत नवशिक्याला सोपी जाते. अक्षर अन्शियल वळणाचं आहे: मोठं, गोलसर, सुटं. ओळीही अर्थाप्रमाणे तोडल्या आहेत. मोठ्याने वाचणाऱ्याने जिथे थांबायचं, तिथे ओळ संपते. उतारा योहानच्या शुभवर्तमानाचा घ्या, पहिल्या अध्यायाची १ ते ५ वचनं. 'प्रारंभी शब्द होता' हे वाक्य मराठी ख्रिस्ती घरांत पाठ असतं, आणि लॅटिनमध्ये 'एरात' आणि 'वेर्बुम' हे शब्द इतक्या वेळा येतात की तिसऱ्या ओळीला वाचणारा ते न अडखळता ओळखतो.

दुसऱ्या कार्यक्रमाला स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेन मठाच्या ग्रंथालयातली आयरिश शुभवर्तमानं घ्या, हस्तलिखित क्रमांक ५१. केल्सची पाळी तिसरी.

चित्रं मिळवणं आणि नोंद ठेवणं

केल्स डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या डिजिटल संग्रहात पूर्ण पाहता येतं, सांक्ट गालेनची प्रत ई-कोडिसेस या स्विस हस्तलिखितांच्या संकेतस्थळावर. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३मध्ये सायबर हल्ला झाला आणि तिथली डिजिटल हस्तलिखितं दीर्घकाळ बंद राहिली. म्हणून सभागृहातल्या वायफायवर विसंबू नका. परवान्यात बसत असेल तर चित्र आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा.

पानाखाली 'ट्रिपल आय एफ'चं (IIIF, वेगवेगळ्या संग्रहांतली चित्रं एकत्र पाहता यावीत यासाठीची सामायिक पद्धत) चिन्ह दिसलं तर त्यातला मॅनिफेस्टचा, म्हणजे त्या प्रतीच्या चित्रांच्या यादीचा, दुवा मिराडोरसारख्या चित्रं दाखवणाऱ्या प्रणालीत टाका. डब्लिनचं आणि सांक्ट गालेनचं पान शेजारी शेजारी उघडतात. तुलनेसाठी याहून चांगलं साधन नाही.

पोथीत दोन बाजूंच्या एका पानाला 'पत्र' म्हणतात; पोथ्यांच्या याद्या हाताळलेल्यांना पत्र १२अ, १२ब ही पद्धत माहीत असते. युरोपातही तेच: पत्राची पुढची बाजू 'आर', मागची 'व्ही'. सांक्ट गालेनमध्ये मात्र पत्रांना नव्हे, प्रत्येक बाजूला वेगळा क्रमांक असतो. हे ध्यानात न ठेवल्यास सगळे संदर्भ चुकतात. नोंदीत शहर, ग्रंथालय, हस्तलिखित क्रमांक, पत्र आणि बाजू, चित्र उतरवल्याची तारीख आणि परवाना, एवढं पहिल्याच दिवशी लिहा. नंतर लिहू म्हटलं की ते राहून जातं, आणि बिनसंदर्भाचं चित्र कुणाच्याच कामाचं नसतं.

वाचायचं कसं

मोडी वाचलेल्या माणसाला इथे मोठा फायदा आहे. शब्द सलग असतील, तोडणी आपणच करायची, ही सवय त्याला असते. बाकीच्यांनी असं करावं:

छापील व्हल्गेटचा तोच उतारा शेजारी ठेवा. दिवसाला सहा ओळी, जास्त नकोत. जे दिसतं तेच अक्षर उतरवा, आपल्याला ठाऊक असलेलं नाही. ओळ जिथे तुटते तिथे तुमचीही तुटली पाहिजे. संक्षेप सोडवून लिहिलेली अक्षरं कंसात घाला. सहा ओळी झाल्यावरच छापील मजकुराशी ताडा. आधी छापील वाचलं की डोळा फसतो. पानावर नसलेलं अक्षरही दिसू लागतं.

पहिला अडथळा येतो तो पवित्र नामांचा. 'देउस', म्हणजे देव, हा शब्द पूर्ण लिहीत नसत. पहिलं आणि शेवटचं अक्षर, वर आडवी रेघ. हे जागा वाचवण्यासाठी नव्हतं, आदरासाठी होतं. 'ख्रिस्त' लिहिताना तर दोन अक्षरं ग्रीक असतात. रोमन एक्ससारखं दिसणारं अक्षर ग्रीक 'खी', पीसारखं दिसणारं ग्रीक 'ऱ्हो'. लोक ते 'क्सप' असं वाचतात. कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच हे सांगितलं तर पुढचा अर्धा तास वाचतो.

आयरिश वळणात गोंधळ वाढतो. तिथला 'जी' सपाट डोक्याच्या इंग्रजी पाचच्या आकड्यासारखा दिसतो, आणि 'ए' म्हणजे ओ आणि सी एकमेकांना चिकटलेले. शंकेची अक्षरं त्याच पानावर खात्रीच्या शब्दात कुठे आली आहेत ते शोधा, तिथून कापून घ्या आणि तक्ता बनवा. छापील पुस्तकातला तयार तक्ता या कामाला अपुरा पडतो, कारण प्रत्येक लेखनिकाचा हात वेगळा.

मग चुका शोधायला लागा. इथे खरी गोडी आहे. केल्समध्ये मत्तय १०:३४ पाहा. येशू म्हणतो, मी शांतता नव्हे तर तलवार आणायला आलो. तलवार म्हणजे 'ग्लादिउम'. केल्सच्या लेखनिकाने लिहिलं 'गाउदिउम': आनंद. एक 'ल' गळला, एक 'उ' आला आणि वाक्य उलटं झालं. हे वचन दाखवलं की सभागृहातला सगळ्यात कंटाळलेला मुलगाही मान वर करतो.

पण प्रत्येक फरक चूक समजू नका. जेरोमच्या आधीची जुनी लॅटिन भाषांतरं लेखनिकांच्या तोंडात बसलेली होती, आणि केल्ससारख्या प्रतींत ती व्हल्गेटमध्ये मिसळून येतात. शब्द वेगळा आहे पण वाक्याला अर्थ लागतो, असं दिसलं तर 'पाठभेद' म्हणून नोंदवा. चूक म्हणायची घाई नको.

खाडाखोडही वाचायची असते. आमिआतिनुसच्या अर्पणपत्रिकेत चेओलफ्रिथचं नाव खरवडून तिथे लोम्बार्डांच्या पेत्रुस नावाच्या मठाधिपतीचं नाव घातलेलं आहे. त्यामुळे ही प्रत इंग्लंडची आहे हे शेकडो वर्षं लपून राहिलं. १९व्या शतकात मूळ नाव ओळखलं गेलं. स्क्रीनवर तो भाग मोठा करून बदललेली अक्षरं आणि मूळची अक्षरं लोकांना स्वतः वेगळी काढू द्या, उत्तर आधी सांगू नका.

कातडं आणि शाई

या प्रती कागदावर नाहीत, कमावलेल्या चामड्यावरही नाहीत. कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून, केस खरवडून, चौकटीवर ताणून वाळवलेलं असतं. ब्रिटन-आयर्लंडच्या प्रती बहुतेक वासराच्या कातड्याच्या आहेत. कुणी विचारलं तर सरळ सांगा, आढेवेढे घेऊ नका. हातात द्यायला मात्र बकऱ्याचं कातडं आणा. तबला-ढोलकी मढवणाऱ्या कारागिराकडे पुडीसाठी आणलेल्या कातड्याचा उरलेला तुकडा मागा. शाई लागलेली जुनी पुडी नको. तळहाताएवढा तुकडा पुरतो. बाजूने टॉर्च मारला की केसाकडची बाजू पिवळसर आणि छिद्रांची, मांसाकडची पांढरट, हा फरक कुणालाही दिसतो.

पावसाळ्यात तबला उतरतो ते हवेतल्या ओलाव्यामुळे, आणि हे कातडंही तसंच वागतं. जुलैत ठाण्यात टेबलावर उघडं ठेवलं तर त्याची सुरळी होते. दोन फळ्यांमध्ये दाबून आणा. मूळ ग्रंथांना लाकडी पुठ्ठे का घालत, हे मग वेगळं समजावावं लागत नाही.

शाईचं सामान काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं: मायफळ (ओकच्या झाडावर येणाऱ्या गाठी), हिराकस (लोहाचा क्षार) आणि बाभळीचा डिंक. मायफळ नीट सांगून घ्या, घाईत जायफळ बांधून दिलं जातं. बाळगुटीतलं मायफळ म्हटलं की गोंधळ होत नाही. हिराकस हिरवट हवा. पिवळा-तपकिरी पडला असेल तर जुना आहे, घेऊ नका.

मायफळ ३० ग्रॅम जाडंभरडं कुटून ३०० मिलिलिटर पाण्यात काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात दोन दिवस भिजवा. लोखंडी भांडं नको, पाणी आधीच काळं होईल. फडक्यातून गाळा, २० ग्रॅम हिराकस घाला, विरघळल्यावर १० ग्रॅम डिंकाची पूड. लिहिताना शाई फिकी दिसते आणि हवा लागून काळी होत जाते. ते पाहण्यासाठी पहिली ओळ कार्यक्रमाच्या सुरुवातीला लिहा आणि शेवटी पुन्हा दाखवा. शाई कातड्यावर थेंब धरून बसली तर कातडं तेलकट आहे. खडूची पूड चोळून पुसून घ्या. लेखणी हंसाच्या पिसाची असे, पण बोरूनेही छान जमतं. हिराकस पोटात जाता कामा नये आणि डाग कपड्यावरून निघत नाही, म्हणून लहान मुलांच्या हाती बाटली देऊ नका. ही शाई घरातल्या जुन्या पोथ्यांवर वापरायची नाही. तिच्यातलं आम्ल आणि लोह कागद खातं.

छपाई

केल्सचं पान सुमारे ३३ × २५ सेंटिमीटर आहे, ए-३वर मूळ मापात बसतं. आमिआतिनुसचं सुमारे ५० × ३४, त्याला ए-२ लागतो. उलट, सेंट कथबर्टचं शुभवर्तमान ही आणखी एक जुनी प्रत १३.८ × ९.२ सेंटिमीटर, तळहातावर मावणारं. तिन्ही मापांचे कागद शेजारी ठेवा.

झेरॉक्सच्या दुकानात 'फिट टू पेज' बंद करायला सांगा, प्रिंट १०० टक्क्यांवरच हवी. फाइलमध्ये कोपऱ्यात १० सेंटिमीटरची रेघ घाला आणि पहिली प्रिंट पट्टीने मोजा. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते, मॅट घ्या. चार माणसांत एक प्रिंट. पानं जमिनीवर मांडू नका. बायबलचा मजकूर आहे, कुणाला तरी ते खटकेलच.

दोन तास

वीस ते पंचवीस माणसं. याहून जास्त असली तर वाचन होत नाही. वाचनालयाची खोली किंवा चर्चचं लहान सभागृह पुरतं. पहिली दहा मिनिटं बोलू नका; पान द्या आणि काय दिसतं ते लोकांना लिहू द्या. पुढे अक्षरतक्ता, पाच ओळींचं वाचन, मराठी बायबलमधलं तेच वचन, नंतर कातडं आणि शाई. इतिहास शेवटी. तो आधी सांगितला तर लोक श्रोते होऊन बसतात.

केल्स घेतलं असेल तर पत्र ३४ची पुढची बाजू इथे शोभते. भव्य पान आहे आणि मजकूर फक्त तीन शब्दांचा: 'क्रिस्ती आउतेम गेनेरात्सिओ', मत्तय १:१८. त्यातलं 'आउतेम' तर इंग्रजी एचसारख्या एका खुणेत आटोपलंय. वंशावळ १७व्या वचनाला संपते आणि ख्रिस्तजन्माची कथा इथे सुरू होते, म्हणून लेखनिकांनी हा दुसरा आरंभ मानला. मुलांना खाली मांजरं, उंदीर आणि मासा धरलेलं पाणमांजर शोधायला लावा. हा वेळ वाया जात नाही. तेवढ्यात ती अख्खं पान बघून काढतात.

दोन प्रश्न हमखास येतात. "हा निळा रंग अफगाणिस्तानच्या लाजवर्दाचा ना?" जुन्या पुस्तकांत तसं छापलेलं आहे. पण केल्स आणि लिंडिसफार्न (त्याच काळातली इंग्लंडची शुभवर्तमानांची प्रत) दोन्हींच्या तपासणीत निळा वनस्पतीज निघाला, निळीच्या झाडापासून मिळतं तेच रंगद्रव्य. दुसरा ठाण्याचा: १३२१ साली इथे चार फ्रान्सिस्कन (ख्रिस्ती संन्यासी) मारले गेले, त्यांच्याकडे असली पुस्तकं होती का? त्या काळात आणि आमिआतिनुसमध्ये सहाशे वर्षांचं अंतर आहे. नातं जोडू नका. काळाचा अंदाज द्यायचाच तर ठाण्यात १७८७मध्ये सापडलेला शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सांगा. तो १०१७चा, म्हणजे केल्सहून दोनशे वर्षांनी अलीकडचा.

नवी मुंबईत मल्याळी सिरियन ख्रिस्ती कुटुंबं येतील असं वाटत असेल तर सुरियानी भाषेतल्या राबुला शुभवर्तमानांचं एक पान जोडा. इ.स. ५८६ हे साल खुद्द त्या प्रतीतच लिहिलेलं आहे आणि लिपी त्यांच्यातल्या काही ज्येष्ठांना वाचता येते. तिथे वाचनाची सूत्रं त्यांच्याच हाती द्या.

कार्यक्रमानंतर लोकांनी उतरवलेल्या ओळी गोळा करा आणि आपल्या वाचनाशी ताडा. तीन जणांनी एकाच जागी वेगळं अक्षर वाचलं असेल तर तिथे आपलंच वाचन पुन्हा तपासा. समाजमाध्यमांवर पान टाकायचं असेल तर परवाना पाहूनच टाका. खाली पूर्ण क्रमांक आणि पाच ओळींचं लॅटिन वाचन देवनागरीत लिहा, शेजारी मराठी वचन. अंध वाचकांसाठी चित्राचं दोन वाक्यांत वर्णनही द्या.