ओन्टारिओत व्हिडिओ कॉलवर साक्षीदार घेऊन मृत्युपत्र कसे करावे

कॅनडाच्या ओन्टारिओ प्रांतात ७ एप्रिल २०२० पासून मृत्युपत्राचे साक्षीदार व्हिडिओवरून हजर राहू शकतात. कोविडकाळातली ही सोय पुढे कायम झाली. मात्र ऑनलाइन असते ती फक्त हजेरी. सही कागदावर, शाईनेच.

१. साक्षीदार. दोन लागतात. त्यातला किमान एक प्रांताच्या लॉ सोसायटीचा, म्हणजे वकिलांना परवाना देणाऱ्या संस्थेचा, परवानाधारक हवा: वकील किंवा पॅरालीगल (वकील नसलेला, पण ठरावीक कायदेशीर कामे करण्याचा परवाना असलेला). ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्याला किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोला साक्षीला बसवू नका. त्याचाच वाटा धोक्यात येतो.

२. प्रती. तिघांकडे एकाच मजकुराची छापील प्रत ठेवा. सह्या झालेल्या तिन्ही प्रती मिळून एक मृत्युपत्र धरले जाते. मांडणीत किरकोळ फरक चालतो, मजकुरात नाही. त्यामुळे ऐनवेळी चूक सापडली तर पेनाने खाडाखोड न करता तिन्ही प्रती पुन्हा छापा. कंटाळवाणे आहे, पण कराच.

३. कॉल. तिघे एकाच वेळी एकमेकांना दिसले आणि ऐकू आले पाहिजेत. कॅमेरा नुसता चेहऱ्यावर नको, सही करणारा हातही दिसू द्या. आधी तुमची सही, मग त्याच कॉलवर साक्षीदारांच्या. मध्येच कॉल तुटला तर नव्या प्रती घेऊन पहिल्यापासून सह्या करा. मुलगा-सून तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसलेले बरे. दबावाची शंका नको.

४. नंतर. तिन्ही मूळ प्रती एकत्र, शक्यतो वकिलाकडे ठेवा. सही आपल्यासमोर झाली, असे एका साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र लगेच करून घ्या. प्रोबेटच्या वेळी, म्हणजे न्यायालयाकडून मृत्युपत्र खरे असल्याचे प्रमाणित करून घेताना, ते लागते, आणि वीस वर्षांनी साक्षीदार शोधत कोण फिरणार?

५. पुण्यातला फ्लॅट. इथे आपली माणसे हमखास फसतात. भारतातल्या स्थावर मालमत्तेला भारताचाच कायदा लागतो. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ नुसार साक्षीदाराने मृत्युपत्र करणाऱ्याच्या समोर सही करायची असते. व्हिडिओची तरतूद त्यात नाही. म्हणून फ्लॅटसाठी वेगळे मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार एकाच खोलीत बसवून. ते टोरांटोतही करता येते.

दोन्ही मसुद्यांतले ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे ठरावीक वाक्य मात्र शोधून काढून टाका. तसेच राहिले, तर नंतरचे मृत्युपत्र आधीचे पुसून टाकेल. कोणते मृत्युपत्र कोणत्या देशातल्या मालमत्तेपुरते, हे दोन्हींत स्पष्ट लिहून घ्या.