हवा की हवामान? या चुका टाळा

दहावीच्या एका मुलाने वहीत लिहिलं होतं : 'हवामान बदलामुळे सांबऱ्याहून विमान उडालं नाही.' सांबरा म्हणजे आपलं बेळगावचं विमानतळ. लाल पेन उचललं, पण आधी विचारलं, हे कुठं वाचलंस? "कन्नड पेपरात की ओ सर, हवामान वैपरीत्य म्हणून होतं." त्या सकाळी धावपट्टीवर धुकं होतं, एवढंच. पोराला दोन्ही भाषा चांगल्या येतात, आणि तिथंच तो फसला.

मराठी भूगोलात आज-उद्याची स्थिती म्हणजे 'हवा' आणि बऱ्याच वर्षांची सरासरी म्हणजे 'हवामान'. कन्नडमध्ये आज-उद्याचं ते 'हवामान' आणि सरासरीला 'हवागुण' किंवा 'वायुगुण'. शब्द तोच आहे म्हणून कन्नडमधला 'हवामान' तसाच मराठीत उचलू नका. आपल्या भागात घराघरात दोन्ही भाषा असल्याने ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटते.

मराठी बोलीनेही घोळ वाढवलाय. 'बेळगावची हवा मानवली' असं आजी म्हणते तेव्हा ती इथल्या बारमाही गारव्याबद्दल बोलत असते, म्हणजे पुस्तकाच्या भाषेत हवामानाबद्दल. उलट 1875 पासूनचं हवामान खातं रोज सांगतं ती हवा! फळपीक विम्याच्या नावातही 'हवामान आधारित' आहे, पण मोजतात त्या-त्या हंगामातला पाऊस आणि तापमान. आजीला सुधारायला जाऊ नका, नावंही बदलू नका. पेपर लिहिताना आणि अनुवाद करताना तेवढं जपा.

शंका आली तर वाक्याला 'कधी?' विचारा. उत्तरात तारीख, वार, आठवडा आला तर हवा. 'साधारणपणे', 'दरवर्षी' आलं तर हवामान. जागतिक हवामान संघटना सरासरीसाठी 30 वर्षं धरते. सध्या 1991 ते 2020 हा काळ. म्हणून एखाद्या जानेवारीत हुडहुडी भरली की 'कसली तापमानवाढ?' म्हणणं चूक, आणि एक पावसाळा कोरडा गेला की 'हवामान बदललं' म्हणणंही चूकच. ऑगस्ट 2019 च्या पुराचा तो आठवडा म्हणजे हवा. तसे आठवडे दशकागणिक वाढतायत का, हा हवामानाचा प्रश्न.

'बेळगाव जिल्ह्याचं हवामान' असं एका दमात लिहिणंही टाळा. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीला सह्याद्रीचा धो-धो पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातलं अथणी पर्जन्यछायेत. एखाद्या संध्याकाळी दोन्हीकडे सारखंच आभाळ भरून येईल, हवा सारखी दिसेल. पण कणकुंबीचा माणूस भात लावतो आणि अथणीचा पाण्याची सोय बघतो, ते हवामान बघून.

त्या मुलाला मी अर्धा गुण दिला. त्याने वाक्य खोडून लिहिलं, 'खराब हवामानामुळे विमान उडालं नाही.' मराठी पेपरवालेही असंच लिहितात, मग भांडू तरी कुणाशी? 'हवामाना'वर गोल करून 'हवा' लिहिलं आणि वही परत दिली.