सर्व्हरचं घड्याळ हाताने लावताय? या चुका टाळा

सकाळी पासवर्ड बरोबर असूनही कुणाचंच लॉगिन होत नसेल, तर आधी घड्याळं बघा. विंडोज डोमेनमध्ये (एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या कॉम्प्युटरांच्या गटात) कर्बेरॉस ही लॉगिन तपासणारी यंत्रणा मुळात ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतं. त्यापुढे सरळ नकार.

मग घाईत कुणीतरी वेळ हाताने बदलतं, आणि ही सगळ्यात महागात पडणारी चूक. चालू डेटाबेसवर वेळ मागे ओढली की नंतरची नोंद आधीची दिसू लागते आणि लॉगवरचा विश्वास उडतो. शिवाय मदरबोर्डवरचं साधं क्वार्ट्झ दिवसाला एक-दोन सेकंद सहज सरकतं, म्हणजे दुखणं परत येणारच. लिनक्सवर क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम चालू ठेवा. तो घड्याळाचा वेग किंचित कमी-जास्त करून फरक हळूहळू भरून काढतो. मोठी उडी फक्त सुरुवातीलाच मारू द्या.

वेळेचे सर्व्हर दोनच देऊ नका. दोघांचं पटलं नाही तर खरं कोण, हे कसं ठरवणार? चार द्या, म्हणजे एक बंद पडला तरी तीन उरतात. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची वेळ उपलब्ध आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही तिचं आणि एनआयसीचं (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं) नाव आहे.

आता 'क्रोनीसी सोर्सेस' ही क्रोनीची कमांड चालवा आणि 'रीच'चा रकाना नीट वाचा. तो आकडा अष्टमान पद्धतीत असतो. ३७७ म्हणजे मागच्या आठही विचारण्यांना उत्तर आलं, ३७६ म्हणजे नुकतंच एक हुकलं. शून्यावरच अडकला असेल तर बहुधा फायरवॉल आडवा आलाय. १२३ पोर्ट यूडीपीवर उघडायचा असतो. टीसीपीवर उघडून तासन्‌तास डोकं धरून बसलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

व्हर्च्युअल मशीनला होस्टकडून (ज्या खऱ्या मशीनवर ती चालते तिच्याकडून) एक वेळ आणि एनटीपीकडून (नेटवर्कवरून वेळ जुळवायच्या पद्धतीकडून) दुसरी मिळत असेल, तर एकच ठेवा. डोमेनमध्ये पीडीसी एम्युलेटरने (डोमेनला वेळ पुरवणाऱ्या मुख्य सर्व्हरने) बाहेरून वेळ घ्यावी, बाकीच्यांनी डोमेनमधूनच.

फरक बरोबर साडेपाच तासांचा दिसला तर एनटीपीला हात लावू नका. तो टाइमझोनचा घोळ आहे. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स असेल तर हमखास होतो, कारण विंडोज हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स सहसा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ.

आणि वीज गेल्यावर तारीख काही वर्षं मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सेल बदला. बहुतेक ठिकाणी सीआर२०३२ लागतो.